आकडा खाली का गेला?



आपल्या गावच्या डॉक्टरकाकांच्या नावानं चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिलो आहे आणि घसा दाटून येतो आहे. वैद्यकीचं शिक्षण मी शहरात घेतलं, पण रोग्याशी बोलायचं कसं हे मी बाजारपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात शिकलो. सुटीत घरी आलो की ते मला शेजारच्या स्टुलावर बसवून घेत. त्यांच्या केस पेपरवर नाव, वय, तक्रार या ओळींखाली त्यांनी स्वतः आखलेली आणखी एक ओळ असे. तिच्यापुढे एकच शब्द लिहिलेला असे : दिवस. नाडी बघता बघता ते विचारत, "दिवस कुठं जातो तुमचा?" कुणी म्हणे, गिरणीत, रात्रपाळी असते. कुणी म्हणे, चुलीपुढं. कुणी म्हणे, गल्ल्यावर बसून. काका ते तसंच्या तसं लिहून ठेवत. मला वाटे, खोकल्याच्या औषधाशी याचा काय संबंध?

तो संबंध कळायला मध्ये एक महासाथ जावी लागली.

आठवा २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं. प्रत्येक घरात एक फाईल होती. तिच्यात सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन असे शब्द होते आणि त्यांच्याच रांगेत 'व्हिटॅमिन डी' हाही होता. नातेवाईक दाराशी अडवून विचारत, "डॉक्टर, डी वाढलाय की कमी झालाय?" एक डी वाढला की घाबरायचं, दुसरा डी घटला की घाबरायचं. बिचाऱ्यांनी काय समजायचं? पण आम्हा डॉक्टरांच्या नजरेतून एक गोष्ट सुटत नव्हती. ज्याची ज्याची तपासणी होई, त्यातल्या बहुतेकांचा हा आकडा खालीच असे. ११, ९, १४. छापील कागदावर पुढे लिहिलेलं असे, ३०च्या वर हवा.

मग गावभर एकच बोलणं झालं. डी कमी आहे म्हणून कोरोना वाढतो. डी द्या, माणूस वाचेल. औषधाच्या दुकानांतून ६०,००० युनिटच्या गोळ्या आणि दुधात घालायच्या पुड्या संपल्या. मीही त्या लिहून दिल्या. कुणाचा मुलगा हात जोडून उभा असताना, जवळ दुसरं फारसं काही नसताना, मी त्या लिहून दिल्या आणि आज ते इथे मोकळेपणानं सांगतो आहे.

पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. आकडा खाली गेला होता, हे खरं. पण आकडा खाली का गेला होता? तो खाली गेला म्हणून माणूस आजारी पडला, की माणूस आजारी पडला म्हणून आकडा खाली गेला? की दोन्हींच्या मागे तिसरंच काही होतं? या एका प्रश्नाचे तीन पदर आज तुमच्यासमोर उलगडतो. पहिला, हे व्हिटॅमिन डी, म्हणजे ड जीवनसत्त्व, शरीरात करतं काय. दुसरा, रुग्णांत ते कमी का आढळलं. तिसरा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा, ते दिल्यावर झालं काय.

पहिल्या पदराकडे येऊ.

आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, मुडदूस. नव्या पिढीनं तो कदाचित ऐकलाही नसेल. मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटं फुगतात, छातीचा पिंजरा मऊ पडतो, टाळू लवकर भरत नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये या आजारानं घर केलं. १६५० साली फ्रान्सिस ग्लिसन यांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे कारखाने आले, धुराडी आली, अरुंद गल्ल्या आल्या आणि मुडदूस शहराशहरांत पसरला. कारण कुणालाच सांगता येईना. अन्न? हवा? घाण?

१८९० साली थिओबाल्ड पाम नावाच्या डॉक्टरांनी याचं कोडं नकाशावर मांडलं. ते जपानमध्ये मिशनरी डॉक्टर होते. तिथल्या गरीब मुलांत त्यांना मुडदूस जवळजवळ दिसला नव्हता. मायदेशी परतले तर वाकड्या पायांची मुलं चहूकडे. त्यांनी आशियात काम करणाऱ्या डॉक्टरांना पत्रं पाठवली, उत्तरं गोळा केली आणि निष्कर्ष काढला : जिथं ऊन पोचतं तिथं मुडदूस नाही. विचार करा, तेव्हा 'जीवनसत्त्व' हा शब्दसुद्धा जन्माला आलेला नव्हता.

त्यानंतर बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९च्या सुमारास मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवलं. हाडं सुधारली. पण त्यातली खरी गंमत पुढे आहे. त्यांनी एकाच हातावर प्रकाश पाडून पाहिला, तर दोन्ही हातांची हाडं सुधारली! याचा अर्थ काय झाला? प्रकाश हाडावर काम करत नव्हता. प्रकाशामुळे कातडीत काहीतरी तयार होत होतं आणि ते रक्तातून सगळीकडे फिरत होतं.

त्याच काळात इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलन्बी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत दाखवलं की कॉड माशाच्या यकृताच्या तेलानं मुडदूस टळतो. अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी ते तेल तापवून, त्यातून हवा खेळवून त्यातलं अ जीवनसत्त्व नष्ट केलं, तरी तेल मुडदुसावर चाललंच. म्हणजे त्यात आणखी एक वेगळं द्रव्य होतं. अ, ब, क ही अक्षरं वापरून झाली होती, म्हणून १९२२मध्ये याला पुढचं अक्षर मिळालं. उरलेलं रसायनशास्त्र आडोल्फ विंडाउस यांनी उलगडलं. त्या कामासाठी त्यांना १९२८चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता शरीरातला मार्ग थोडक्यात सांगतो. उन्हातले विशिष्ट अतिनील किरण कातडीवर पडतात, तिथल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडापासून ड जीवनसत्त्व बनतं. यकृत त्यावर पहिला संस्कार करतं. तपासणीत आपण मोजतो ते हेच यकृतातून निघालेलं रूप. मूत्रपिंड दुसरा संस्कार करतं आणि मग ते कामाला लागतं. आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायचं आणि हाडांना द्यायचं, हे त्याचं मुख्य काम. खरं तर जे आपलंच शरीर बनवतं आणि रक्तातून लांबच्या अवयवांना निरोप देतं, त्याला जीवनसत्त्व म्हणण्यापेक्षा संप्रेरक म्हणणं अधिक बरोबर.

पण मग फुप्फुसाचा संबंध कुठे आला? तो इथे आला. दुसरा संस्कार फक्त मूत्रपिंडच करतं असं नाही. शरीराच्या पहारेकरी पेशीही तो स्वतःपुरता करू शकतात. २००६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी दाखवलं की जंतूची चाहूल लागली की या पेशी रक्तातलं ड जीवनसत्त्व उचलतात, त्याला सक्रिय करतात आणि त्याच्या हुकमावरून कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक द्रव्य तयार करतात. त्यांचा प्रयोग क्षयाच्या जंतूवर होता. हे द्रव्य कवच असलेल्या काही विषाणूंनाही प्रयोगशाळेत भारी पडतं, असं इतर प्रयोगांतून दिसलं. दुसरीकडे, दाह भडकून आपलंच घर जाळू नये म्हणून लगाम घालण्याचं कामही ड जीवनसत्त्व करतं. कोरोनात माणसं विषाणूइतकीच त्या भडक्यानं गेली, हे आठवलं की इतक्या जणांच्या आशा या एका द्रव्यावर का खिळल्या, हे समजतं.

आणि आशेला आधार फक्त प्रयोगशाळेचा नव्हता. १९९७मध्ये इथिओपियातल्या अदिस अबाबा शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यूमोनिया झालेली पाच वर्षांखालची ५०० मुलं आणि न्यूमोनिया नसलेली ५०० मुलं. न्यूमोनिया झालेल्यांपैकी २१० मुलांना मुडदूस होता. दुसऱ्या गटात किती जणांना असेल? वीस. २१० आणि २०!

याहून जवळचं उदाहरण हवंय? इंदापूर. होय, आपल्या पुणे जिल्ह्यातलं इंदापूर. तिथल्या एका खासगी रुग्णालयात १५० मुलांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. ८० मुलं छातीच्या तीव्र संसर्गाची आणि ७० निरोगी. यांतल्या कुणालाही डोळ्यांना दिसणारा मुडदूस नव्हता. तरीही ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व बरं होतं, त्यांच्यात तीव्र संसर्ग कितीतरी कमी आढळला. आणि दुसरी एक गोष्ट अशीच राखण करताना दिसली : पहिले चार महिने निव्वळ आईचं दूध. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे मला परत यायचं आहे.

हे सगळं ऐकल्यावर तुमच्या मनात काय येतं? हेच ना, की कमतरता म्हणजेच कारण? माझ्याही मनात तेच आलं होतं.

म्हणून दुसरा पदर. आकडा खाली का गेला?

याची कारणं तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळी आहेत.

पहिलं कारण असं की आपल्याकडे आकडा आधीपासूनच खाली होता. उन्हाच्या देशात उन्हाचं जीवनसत्त्व कमी, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण गेली पंचवीस वर्षं हे वारंवार दिसलं आहे. २००२ साली दिल्लीचा एक अभ्यास आला. मोरी गेट हा धुरानं भरलेला भाग आणि तेव्हाचं मोकळं गुडगाव. दोन्हीकडची नऊ ते चोवीस महिन्यांची बाळं तपासली. गुडगावच्या बाळांची सरासरी दर मिलिलिटरला २७.१ नॅनोग्रॅम आणि मोरी गेटच्या बाळांची १२.४. देश तोच आणि सूर्यही तोच, मध्ये फक्त धूर. लंडनच्या धुराड्यांनी जे सतराव्या-अठराव्या शतकात सुरू केलं, तेच आपण नव्यानं मांडून बसलो आहोत. तेव्हा, गावातल्या बहुतेकांचा आकडा खाली असेल, तर रुग्णालयातल्या बहुतेकांचाही तो खालीच असणार. त्यात आजारानं वेगळं काय केलं?

दुसरं कारण अधिक खोल आहे. कोरोना कुणाला जड गेला? म्हाताऱ्यांना. मधुमेह्यांना. लठ्ठ माणसांना. आधीच अंथरुणाला खिळलेल्यांना. आणि ड जीवनसत्त्व कुणात कमी असतं? म्हाताऱ्यांची कातडी ते कमी बनवते. लठ्ठ माणसात ते चरबीत पसरून रक्तात विरळ होतं. अंथरुणावरचा माणूस उन्हात जाणार कसा? म्हणजे जी माणसं आजाराला बळी पडली, त्यांचाच आकडा कमी होता आणि दोन्हींची मुळं तिसरीकडे होती. नदीला पूर आला की बेडूकही ओरडतात आणि पूलही बुडतो. बेडकांनी पूल बुडवला असं आपण म्हणत नाही. पाऊस दोन्हींच्या मागे असतो.

आता इंदापूरची दुसरी गोष्ट आठवा. ज्या घरात बाळाला चार महिने निव्वळ आईचं दूध मिळतं, त्या घरात आईला बाळापाशी बसायला उसंत मिळते, कुणीतरी तिला दोन वेळा गरम जेवायला वाढतं, बाळाला अंगणात घेऊन बसायला आजी असते. मग राखण केली कुणी? दुधानं? उन्हानं? की त्या घरानं? नेमकं वेगळं काढून दाखवणं फार अवघड आहे.

तिसरं कारण आम्हा डॉक्टरांनीही नीट ध्यानात घेतलं नव्हतं. आजार स्वतःच हा आकडा खाली ओढतो. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्याचं सांधेरोपण झालेल्यांचं रक्त शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासलं. शस्त्रक्रियेनंतर ड जीवनसत्त्वाचा आकडा सुमारे ४० टक्क्यांनी घसरला. ही माणसं आठवडाभर अंधारात बसली होती का? नाही. शस्त्रक्रियेमुळे शरीरात दाह उसळला आणि त्या दाहात, ड जीवनसत्त्वाला रक्तातून वाहून नेणारं प्रथिनही कमी झालं. ज्यांच्या फुप्फुसात आग पेटलेली होती, त्यांच्यात असंच होणार. म्हणजे तापाच्या पाचव्या दिवशी काढलेला आकडा आजारापूर्वीची स्थिती सांगत नव्हता. तो आजाराची तीव्रताच वेगळ्या शब्दांत सांगत होता. आणि आम्ही त्यालाच आजाराचं कारण समजून गोळ्या लिहीत होतो.

मित्रहो, खूण आणि कारण यांतला फरक ओळखणं, हे वैद्यकातलं सगळ्यांत कठीण काम आहे. आणि तो फरक ओळखायचा एकच खरा मार्ग आहे. देऊन बघायचं. निम्म्यांना द्यायचं, निम्म्यांना न देता तसंच दिसणारं काही द्यायचं, आणि कुणाला काय दिलं ते रोग्यालाही कळू द्यायचं नाही, डॉक्टरलाही नाही.

म्हणून तिसरा पदर. देऊन बघितलं, तेव्हा काय झालं?

ब्राझीलमधल्या साओ पाउलोत कोरोनानं दाखल झालेल्या २४० रुग्णांवर ही चाचणी झाली आणि २०२१च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली. निम्म्यांना एकाच वेळी २ लाख युनिट ड जीवनसत्त्व, निम्म्यांना निव्वळ बिनऔषधी द्रावण. औषध मिळालेल्यांचा रक्तातला आकडा २१च्या आसपास होता, तो वाढून ४४वर गेला. आकडा दुप्पट झाला! आणि रुग्णालयातला मुक्काम? दोन्ही गटांत मध्यक सात दिवस. सात आणि सात. अहवाल सुधारला, माणूस आपल्याच गतीनं सुधारला किंवा सुधारला नाही.

ही बातमी मी वाचली तेव्हा दुसरी लाट आमच्या दाराशी होती. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. आपल्याकडे म्हण आहे, तहान लागल्यावर विहीर खणायची नसते. पाचव्या दिवशी प्राणवायूची नळी लावलेल्या माणसाला एकदम लाखो युनिट पाजणं, हे तहान लागल्यावर विहीर खणणंच होतं.

पण मग विहीर आधीच खणली तर? हाही प्रश्न रास्त आहे, आणि इथे मला तुमच्याशी पूर्ण प्रामाणिक राहायचं आहे, कारण इथलं उत्तर आपल्या आवडीचं नाही.

काबूलमध्ये ३०४६ तान्ह्या बाळांवर एक चाचणी झाली, ती २०१२मध्ये प्रसिद्ध झाली. दर तीन महिन्यांनी १ लाख युनिट, असं दीड वर्षभर. न्यूमोनिया कमी झाला नाही. कोरोनाच्या काळात ब्रिटनमध्ये ६२०० लोकांवर चाचणी झाली. तपासणी करून ज्यांचा आकडा कमी होता, त्यांना सहा महिने रोज ड जीवनसत्त्व दिलं. छातीचे संसर्ग आणि कोरोना, दोन्हींत फरक पडला नाही. नॉर्वेत ३४,००० हून जास्त लोकांनी हिवाळाभर रोज चमचाभर तेल घेतलं, निम्म्यांनी कॉड माशाचं आणि निम्म्यांनी मक्याचं. तिथेही फरक नाही. अर्थात नॉर्वेतल्या बहुतेकांचा आकडा आधीपासून बरा होता, आणि भरल्या घागरीत ओतलेलं पाणी ओघळूनच जातं.

या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहण्याचं काम लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले एड्रियन मार्टिनो आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्यांचा प्रवास मला फार शिकवून गेला. २०१७मध्ये त्यांनी २५ चाचण्या आणि सुमारे ११,००० माणसं जमवली. रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं ड जीवनसत्त्व घेतलं तर श्वसनाचे संसर्ग कमी होतात, आणि ज्यांचा आकडा १०च्याही खाली आहे त्यांना सर्वांत जास्त फायदा होतो, असं दिसलं. एकदम मोठा डोस दिला तर फायदा नाही. २०२१मध्ये चाचण्या ४३ झाल्या. तेव्हा औषध न घेतलेल्या १०० जणांत ६२ जणांना संसर्ग झाला, आणि घेतलेल्या १०० जणांत ६१ जणांना. एका माणसाचा फरक. २०२५मध्ये आणखी चाचण्यांची भर पडली आणि तो फरक इतका पुसट झाला की तो निव्वळ योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येईना.

यात हळहळण्यासारखं आहे का? मला वाटतं, नाही. स्वतःच्याच आशादायक निष्कर्षाला नव्या पुराव्यानिशी पुन्हा पुन्हा तपासायला लावणारी माणसं ज्या शास्त्रात आहेत, त्या शास्त्रावर मी माझ्या रोग्यांचा जीव सोपवायला तयार आहे.

मग काय, ड जीवनसत्त्व निरुपयोगी म्हणून सोडून द्यायचं? मुळीच नाही! हाडांसाठी ते हवंच, त्यात तिळमात्र शंका नाही. वाढत्या मुलांना हवं, गरोदर बाईला हवं, म्हाताऱ्या माणसाला हवं. मुडदुसाच्या मऊ छातीच्या मुलांत न्यूमोनिया जास्त आढळतो, हे अदिस अबाबात दिसलं आहे. ज्याची कमतरता खरोखर तीव्र आहे, त्याची ती भरून काढायची. पण ती हाडांसाठी, ताकदीसाठी, आणि आजारी पडायच्या कितीतरी आधी. विषाणूवरचं औषध म्हणून नाही.

आता थोडं आपल्या घरादारात येऊ.

आपल्या घरोघरी सांगतात, बाळाला कोवळ्या उन्हात न्या. आजीच्या मायेवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण एक गोष्ट सांगायला हवी. ड जीवनसत्त्व बनवणारे किरण कोवळ्या उन्हात फार थोडे असतात. सकाळी सूर्य तिरपा असतो, किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो आणि नेमके हेच किरण वाटेत अडतात. ओळखायची सोपी युक्ती आहे. सावली बघा. सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तर कातडीची भट्टी थंड. सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की भट्टी पेटली. म्हणजे साधारण दहा-अकरा ते तीन. आपली कातडी सावळी, तिच्यातला रंगच छत्रीचं काम करतो, म्हणून आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन अंग तापवतं, पण ड जीवनसत्त्व देत नाही. काच ते किरण अडवते. मात्र हे ऐकून वैशाखात भर दुपारी कुणी पाठ उघडी टाकून बसू नका. उष्माघातही मारतो. हिवाळ्यातल्या दुपारी हात, पाय, पाठ थोडा वेळ उघडी, कातडी लाल व्हायच्या आत सावलीत, एवढं पुरे. आणि तान्ह्या बाळाला उन्हापेक्षा थेंब बरे. पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्यावेत, असं आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

अन्नातून ड जीवनसत्त्व फार थोडं मिळतं. कोकणात आणि गोव्यात बांगडा, तारली खाणाऱ्यांना थोडं बरं. अंड्याच्या बलकात थोडं असतं. साध्या दुधात नगण्य असतं. म्हणून आता काही दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्यांवर इंग्रजी 'एफ'च्या आधी अधिकची खूण छापलेली असते, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं. उद्या पिशवी घेताना ती खूण शोधा.

आणि गोळ्या? मोठ्या माणसाची रोजची गरज, आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार, ६०० युनिट. आणि बाजारातली गोळी किती? ६०,०००. म्हणजे १०० दिवसांची गरज एका गोळीत. डॉक्टर ती आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडे लिहून देतात. पण 'ताकदीची गोळी' म्हणून रोज एक घेणारी माणसं मी पाहिली आहेत. ड जीवनसत्त्व लघवीवाटे बाहेर पडत नाही, चरबीत साठत राहतं. रक्तात कॅल्शियम चढतं, ओकाऱ्या होतात, भ्रम होतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. ज्यानं माणूस जगावा, त्यानंच तो दवाखान्यात यावा? हात जोडून सांगतो, ही गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. आणि निरोगी असताना उगाच हा आकडा तपासत बसू नका. संप्रेरकतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनंही २०२४मध्ये हाच सल्ला दिला आहे.

पण हे सगळं तुमच्या-माझ्या हातातलं झालं. मला शेवटी त्यांच्याबद्दल बोलायचं आहे, ज्यांच्या हातात ते नाही.

मुंबईत गोवंडीला पुनर्वसनाच्या इमारती आहेत. झोपडपट्टीतून उचलून माणसं तिथे आणली. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेनं आयआयटी मुंबईसोबत तिथे अभ्यास केला आणि २०१८ साली तो समोर आला. जिथे ऊन आणि वारा पोचत नव्हता, त्या घरांत क्षयरोग जास्त होता. त्या घरातल्या बाईला मी काय सांगू? सावली बघा? तिच्या घरात सावलीच पडत नाही, कारण ऊनच येत नाही. तिला मी ६०,०००ची गोळी देऊ शकतो. आकडा वर जाईल. घर तसंच राहील.

आकडा खाली का गेला, या प्रश्नाचं माझं उत्तर तुमच्यापुढे ठेवतो. बराचसा तो आधीपासून खाली होता, कारण आपण धुराच्या छताखाली, बंद भिंतींआड राहायला लागलो. काहीसा तो वय, मधुमेह आणि लठ्ठपणा यांच्यासोबत खाली गेला. आणि उरलेला आजारानंच खाली ओढला. तो आकडा आजाराचं मूळ नव्हता. तो आपल्या जगण्याचा हिशेब होता, रक्तात लिहिलेला. हिशेबातला शेवटचा आकडा खोडून वर दुसरा लिहिला म्हणून उधारी फिटत नाही.

आणि म्हणूनच मला काकांची ती आखलेली ओळ आठवते. ड जीवनसत्त्वाची तपासणी या गावात पोचायच्या पन्नास वर्षं आधी, तपासणी जे सांगते ते हा माणूस तोंडानं विचारून लिहून घेत होता. गिरणीत. चुलीपुढं. गल्ल्यावर. आणि ते औषधाच्या चिठ्ठीवर थांबत नसत. चुलीपुढच्या बाईच्या नवऱ्याला बोलावून घेत आणि धुराडं बसवायला सांगत. ते बसलं की नाही, हे बघायला स्वतः जात. आमचंही धुराडं असंच बसलं.

गेल्या वर्षी मी माझ्या दवाखान्यातले केस पेपर नव्यानं छापून घेतले. छापखानेवाल्यानं विचारलं, "डॉक्टर, वयाच्या खाली ही एक ओळ मोकळी आहे. इथे काय टाकू?"

मी म्हणालो, "दिवस."